उख्रूलचा मेजर, रंगूनचा राजदूत

सातारा

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. परदेशातील दूतावासात संरक्षण विभागाच्या नेमणुकीसाठी तुझे नाव पुढे गेले आहे हे वाचून तुझ्या आईला फार आनंद झाला. मी मात्र त्याच्या पुढच्या ओळीपाशी थबकलो, कारण तिथे तू लिहिले आहेस की स्पेशल फोर्सेसच्या माणसाने आता मेजवान्यांना जाऊन हात मिळवत फिरायचे. नेमणूक घ्यावी की नाही हा सर्वस्वी तुझा प्रश्न आहे आणि त्यात मी पडणार नाही. पण शत्रूच्या मुलखात घुसून काम करणारा अधिकारी आणि परक्या राजधानीत आपल्या देशाची बाजू सांभाळणारा राजदूत ही दोन निराळ्या घडणीची माणसे असतात, असा जो समज तुझ्या वाक्यामागे आहे, तो मला पटत नाही. मेजर रालेंगनाओ खाथिंग यांच्याविषयी मी निवृत्तीनंतर मिळेल तिथून वाचत आलो आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते नव्हते आणि वर्गात मीही त्यांचे नाव कधी घेतले नाही, त्यामुळे तुला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. युद्धात त्यांनी नेमके तुझ्यासारखेच काम केले आणि तेच पुढे ब्रह्मदेशात भारताचे राजदूत झाले, म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

खाथिंग यांचा जन्म १९१२ साली मणिपूरच्या डोंगराळ भागातील उख्रूल येथे एका तांगखुल नागा कुटुंबात झाला. उख्रूलमधून कोहिमा, तेथून शिलाँग आणि पुढे गुवाहाटीचे कॉटन कॉलेज असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास आहे. त्या काळी एका डोंगरी खेड्यातल्या मुलाला हे किती पायपिटीचे आणि किती घरापासून तुटण्याचे असेल, हे आपल्याकडे जावळीच्या खोऱ्यातून शिकायला येणारी मुले पाहिली की थोडेफार कळते. शिक्षण झाल्यावर त्यांनी आसामातील दरंग जिल्ह्यात शाळा काढली आणि नंतर उख्रूलच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले. माझ्या मनात त्यांच्याविषयी जो जिव्हाळा आहे, त्याचा उगम इथे आहे हे तू ओळखलेच असशील.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि मुख्याध्यापक सैन्यात दाखल झाले. १९४१ मध्ये त्यांना कमिशन मिळाले आणि पहिली नेमणूक १९व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये झाली, जी पुढे कुमाऊँ रेजिमेंट म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथून ते नव्याने उभ्या राहिलेल्या आसाम रेजिमेंटमध्ये गेले. ‘रालेंगनाओ’ हे नाव गोऱ्या सहकाऱ्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून कोणीतरी त्यांना ‘बॉब’ म्हणू लागले आणि ते नाव जन्मभर चिकटले. मेसमध्ये तुमच्याकडे अजूनही अशीच नावे पडतात म्हणा.

१९४२ च्या वसंतात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, ब्रिटिश फौजा पायी मागे हटल्या आणि भारताची पूर्व सीमा उघडी पडली. त्याच एप्रिल महिन्यात जनरल वेव्हेल यांच्या आज्ञेने ‘व्ही फोर्स’ ही संघटना उभारण्यात आली. मूळ कल्पना गनिमी काव्याची होती. जपानी सैन्य आसामच्या खोऱ्यात उतरलेच, तर आसाम रायफल्सचे जवान आणि डोंगरातले स्थानिक लोक यांनी मागे थांबून त्याच्या रसदेच्या वाटा तोडायच्या. पावसाळा आला, जपानी थांबले आणि मग या संघटनेचे काम बदलले. चिंदविन नदी आणि आपल्या चौक्या यांच्या मधल्या शेकडो मैलांच्या ओसाड डोंगररांगांत राहायचे, शत्रू कुठे आहे, किती आहे, कोणत्या वाटेने सरकतो आहे हे पाहायचे, आणि ती बातमी धावत्या निरोप्यांकरवी किंवा वायरलेसवरून मुख्यालयात पोहोचवायची, असे ते स्वरूप झाले. त्यासाठी बंदुकीपेक्षा गावे हाताशी असणे महत्त्वाचे होते. ज्या गावाने व्ही फोर्सच्या माणसाला एक रात्र ठेवून घेतले, त्याला जपानी तुकडीला नंतर उत्तर द्यावे लागे, आणि हे गावकऱ्यांना पुरेपूर माहीत असे. तरीही ते ठेवून घेत. हा विश्वास कमावणे हेच व्ही फोर्सच्या अधिकाऱ्याचे खरे काम होते.

खाथिंग या कामात आले तेव्हा त्यांनी वर्दी उतरवली. केस तांगखुल पद्धतीने कापून घेतले, अंगावर तांगखुल शाल घेतली, पाठीला वेताची टोपली अडकवली आणि तिच्यात मीठ व सुकवलेले मांस ठेवले, असे त्यांच्याविषयी सांगतात. या साऱ्यात माझे लक्ष त्या मिठावर खिळून राहते. ज्या डोंगरांत समुद्र नाही, मिठागरे नाहीत आणि बाजार चार-चार दिवसांच्या वाटेवर आहे, तिथे मीठ घेऊन येणारा माणूस कोणत्याही चुलीपाशी बसू शकतो आणि त्याला कोणी कुठून आला, कशाला आला असे खोदून विचारत नाही. वेष बदलणे ही झाली नाटकातली गोष्ट. पण कोणत्या घरात काय घेऊन शिरावे, कुठे बसावे, कोणाशी आधी बोलावे आणि कधी गप्प राहावे, हे ज्याला कळते त्यालाच तो वेष शोभतो. तुम्हाला प्रशिक्षणात हे शिकवत असतील तर उत्तमच. खाथिंग यांना ते शिकावे लागले नाही, कारण ती घरे त्यांच्याच माणसांची होती. त्यांना शिकावे लागले असेल ते एवढेच, की आपल्याच माणसांना आपण किती संकटात घालतो आहोत याचा हिशेब रोज ठेवायचा.

१९४४ च्या मार्चमध्ये जपान्यांच्या तीन डिव्हिजन इंफाळ आणि कोहिमावर चालून आल्या. त्यांपैकी ३१ वी डिव्हिजन उख्रूलच्या वाटेने कोहिमाकडे निघाली, म्हणजे युद्ध खाथिंग यांच्या अंगणात आले. तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे, पण तिथे आपलीही पलटण होती. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली उख्रूलजवळ होती, आणि तुझ्या पॅरा रेजिमेंटच्या पूर्वजांबरोबर तिने सांगशाक गावाच्या टेकडीवर मोर्चा धरला. तिथे मातीचा थर इतका पातळ होता की थोडे खणले की खडक लागे, त्यामुळे खंदक नीट झालेच नाहीत. काटेरी तार नव्हती. मोर्चाच्या आत पाण्याचा झरा नव्हता. आणि विमानातून टाकलेली रसद बव्हंशी जपान्यांच्या बाजूला पडे. असे असूनही २६ मार्चच्या रात्री आज्ञा येऊन ब्रिगेड बाहेर पडेपर्यंत ही टेकडी पडली नाही. मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेला शत्रूच्या बेताचा नकाशा याच लढाईतून इंफाळला पोहोचवला गेला. कोहिमा आणि इंफाळ यांना तयारीसाठी जे मोलाचे दिवस मिळाले, त्यांत सांगशाकचा वाटा मोठा आहे. पण सातारा-कोल्हापूरच्या किती गावांना आपल्या पोरांनी तिथे काय केले हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

खाथिंग यांना या मोहिमांतील कामगिरीबद्दल मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले आणि एमबीई हा ब्रिटिश किताबही मिळाला. इथे तुझ्या मनात एक प्रश्न येईल आणि तो यायलाच हवा. जपान्यांबरोबर त्या वेळी आझाद हिंद फौजही मणिपुरात आली होती आणि १९४४ च्या एप्रिलमध्ये मोइरांगला तिचा तिरंगा फडकला. मग पुढे स्वतंत्र भारताचा राजदूत झालेला हा माणूस तेव्हा चुकीच्या बाजूला उभा होता काय? मला तसे वाटत नाही, आणि आझाद हिंदच्या शिपायांविषयीचा माझा आदर त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. साम्राज्ये आपापसांत लढत असताना ज्याच्या गावातून जपानी रेजिमेंट चाल करून जात होती, त्या माणसाला आपले गाव राखायचे होते. त्याची बाजू नकाशावरून ठरलेली नव्हती. इतिहासाच्या शिक्षकाने अशा जागी दोन्हीकडच्यांना घाईने गुण देऊ नयेत.

युद्धानंतर सैन्यात राहिले असते तर ते बरेच वर गेले असते. पण १९४७ मध्ये मणिपूरच्या महाराजांच्या बोलावण्यावरून ते परतले आणि तिथल्या अंतरिम मंत्रिमंडळात डोंगराळ भागाचा कारभार पाहू लागले. मणिपुरात १९४८ साली प्रौढ मताधिकारावर निवडणुका झाल्या, म्हणजे उरलेल्या भारताच्या आधी, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. १९४९ च्या ऑक्टोबरात मणिपूर भारतात विलीन झाले, तिथले मंत्रिमंडळ संपले, आणि खाथिंग आसामच्या राज्यपालांच्या सांगण्यावरून आधी आसाम रायफल्समध्ये व मग सरहद्दीच्या मुलकी कारभारात गेले.

आता तवांग. त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट मी सर्वांत सावकाश वाचली आहे आणि तूही तशीच वाचावीस.

१९१४ च्या सिमला परिषदेत ठरलेल्या, भारत आणि तिबेट यांच्यातील मॅकमहोन रेषेनुसार तवांग (आजच्या अरुणाचल प्रदेशात) भारताच्या बाजूला येत होते, पण प्रत्यक्षात तिथे भारताचा अंमल बसलाच नव्हता. ब्रिटिशांनी १९३८ मध्ये एक तुकडी पाठवून पाहिली आणि ती परत आली. सेला खिंडीच्या पलीकडे तिबेटमधील त्सोना येथील अधिकाऱ्यांचा वसूल चालत असे. तिथले मोनपा जमातीचे शेतकरी धान्याने कर भरत आणि वेठही करत. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्याने तिबेटमध्ये पाऊल टाकले, ७ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी नेहरूंना चीनच्या धोक्याविषयीचे आपले ते प्रसिद्ध पत्र लिहिले, २० नोव्हेंबरला नेहरूंनी संसदेत नकाशा असो वा नसो, मॅकमहोन रेषा हीच आपली सीमा आहे असे सांगितले. संसदेत सांगितलेली सीमा जमिनीवर नेण्याचे काम राज्यपाल जयरामदास दौलतराम यांनी खाथिंग यांच्यावर सोपवले.

१७ जानेवारी १९५१ रोजी तेजपूरच्या उत्तरेकडील पायथ्यावरून ते निघाले. बरोबर आसाम रायफल्सचे सुमारे दोनशे जवान आणि सुमारे सहाशे हमाल होते. आज बोमडिला, दिरांग, सेला, जंग, तवांग ही नावे मोटारीने जाणाऱ्या प्रवाशांच्या तोंडी आहेत, पण त्या वेळी रस्ता नव्हता, पायवाट होती, आणि ऐन थंडीत साडेतेरा हजार फुटांहून उंच असलेली सेला खिंड पायी ओलांडायची होती. वाटेत प्रजासत्ताक दिन आला, तर त्यांनी थांबून झेंडावंदन केले आणि गावकऱ्यांना बोलावून बडा खाना दिला. हे वाचताना मला त्यांचा पहिला डाव दिसतो. सैन्य येत आहे ही बातमी पुढे धावणारच आहे, तर तिच्याबरोबर जेवायला बसवल्याची बातमीही धावू दे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते तवांगला पोहोचले. पोहोचताच त्यांनी मठावर झेंडा लावला नाही किंवा कोणाला हाकलले नाही. पहिले दोन दिवस त्यांनी छावणी आणि कचेरी बांधण्यासाठी जागा शोधण्यात घालवले आणि मठाच्या ईशान्येला अशी जागा निवडली जिथे खेळाच्या मैदानालाही पुरेशी जमीन उरेल. मैदानाची आठवण त्यांच्यातल्या मुख्याध्यापकाला झाली असेल, असे मला वाटते. पण पाहणाऱ्या मोनपांना आणि लामांना त्यातून एक गोष्ट न सांगता कळली असेल, की हे लोक छापा घालून परत जाणाऱ्यांतले नाहीत. त्यानंतर त्यांनी तिबेटी अधिकाऱ्यांना आणि मठातल्या ज्येष्ठांना चर्चेला बोलावले. ९ फेब्रुवारीच्या या भेटीला अपेक्षेप्रमाणे टाळाटाळ झाली. ल्हासाहून आज्ञा नाही, मग आम्ही कोणाशी आणि काय बोलणार, असा त्यांचा पवित्रा होता, आणि त्यांच्या जागेवरून पाहिले तर तो रास्तच होता.

यावर खाथिंग यांनी जवानांना संगिनी चढवून तवांगभर संचलन करायला सांगितले. गोळी सुटली नाही, कोणाच्या घरात शिपाई शिरला नाही. संध्याकाळी अधिकारी आणि मठातले ज्येष्ठ आपणहून भेटायला आले, आणि बुम ला खिंडीच्या दक्षिणेला राहणाऱ्या लोकांवर यापुढे त्सोनाच्या अधिकाऱ्यांची सत्ता चालणार नाही, हे त्यांना रीतसर कळवण्यात आले. गावोगावी गावबुढे, म्हणजे गावचे प्रमुख, नेमले गेले, जुना वसूल आणि वेठ बंद झाली, आणि मठाची धार्मिक व्यवस्था मात्र मठाकडेच राहिली. मोनपांना वसुलातून सुटका हवी होती आणि लामांना त्यांच्या मठात कोणी हात घालू नये एवढे हवे होते. खाथिंग यांनी दोघांनाही त्यांची गोष्ट दिली आणि भारताला हवी होती ती घेतली. त्यामुळे संगिनीचा प्रसंग सांगताना लोक जे मधले दिवस गाळतात, ते गाळू नयेत. आधी दोन दिवस जमीन मोजणे, मग बोलावणे, मग नकार ऐकून घेणे, आणि त्यानंतरच ताकद दाखवणे, तीही वापरावी लागू नये इतक्या बेताने, असा तो क्रम होता.

याविषयी एक आख्यायिका तू कुठे ना कुठे वाचशील. ती अशी की नेहरूंना या स्वारीची खबरच नव्हती आणि ती कळल्यावर ते खाथिंग यांच्यावर भडकले. मला ती जशीच्या तशी घ्यावीशी वाटत नाही. हा सरहद्दीचा मुलूख तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाच्या देखरेखीखाली होता, त्या मंत्रालयाचे मंत्री स्वतः नेहरू होते, आणि सीमा कुठे आहे हे त्यांनी दोनच महिन्यांपूर्वी संसदेत सांगितले होते. तपशील त्यांना उशिरा कळला असेल. कारभार मात्र त्यांच्या धोरणाविरुद्ध नव्हता. ल्हासाने निषेध नोंदवला, पेकिंगने मौन पाळले, आणि मे महिन्यात तिबेटला चीनच्या अमलाखाली आणणारा सतरा कलमी करार तिबेटवर लादला गेला. खाथिंग पोहोचले नसते आणि हा करार आधी झाला असता, तर पुढचा सारा वाद कोणत्या जमिनीवर उभा राहून घालावा लागला असता, याचा विचार तूच कर. १९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अर्थात मूठभर जवानांनी बसवलेला अंमल डिव्हिजनला अडवू शकत नाही. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये तवांग चिनी सैन्याच्या हाती गेले. १९५७ ते १९६१ या काळात आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे सेनापती होते, आणि त्यांनी १९५९ मध्येच लिहून ठेवले होते की सीमेवरच्या चौक्या केवळ सूचनेपुरत्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, रस्ता व रसद पोहोचेल अशा ठिकाणी द्यावी. वरच्यांनी ते मानले नाही. थोरातांचा हिशेब आणि खाथिंग यांची कामगिरी यांत मला विरोध दिसत नाही. चीन त्या हिवाळ्यात परत गेला, आणि मोनपांनी पुन्हा आपल्याच अधिकाऱ्यांचे स्वागत केले; हा निकाल १९५१ च्या त्या मधल्या दिवसांत तयार झाला होता.

त्यानंतरची त्यांची वर्षे मी भराभर सांगतो. एसएसबी हे सरहद्दीवरचे दल आणि नागा रेजिमेंट यांच्या उभारणीत त्यांचा हात होता. नागालँड राज्य झाल्यावर ते तिथे मुख्य सचिव झाले. सरकार आणि भूमिगत नागा यांच्यातल्या युद्धविरामाच्या आत-बाहेर होणारे ते दिवस होते, आणि स्वतः नागा असलेल्या माणसाने दिल्लीच्या वतीने नागांसमोर आणि नागांच्या वतीने दिल्लीसमोर बसणे यात दोन्हीकडून शिव्या खाण्याचीच शक्यता अधिक असते.

आणि मग १९७२ मध्ये भारत सरकारने त्यांना ब्रह्मदेशात राजदूत म्हणून पाठवले. आदिवासी समाजातून आलेला हा भारताचा पहिला राजदूत होय. ज्या देशाच्या सरहद्दीवर त्यांनी टोपली पाठीला लावून जपान्यांच्या हालचाली टिपल्या होत्या, त्याच देशाच्या राजधानीत ते आता रीतसर अधिकारपत्र घेऊन गेले. रंगूनची ही नेमणूक शोभेची नव्हती. भारत आणि ब्रह्मदेश यांच्यात सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा आहे, तिचा करार १९६७ मध्येच झाला होता, आणि ती रेषा नागांच्या मुलखातून अशी जाते की तांगखुलही दोन्हीकडे विभागले गेले आहेत. उख्रूलच्या पूर्वेला सोमरा भागात त्यांचेच भाऊबंद ब्रह्मदेशाचे नागरिक आहेत. भूमिगत नागा तुकड्या त्याच डोंगरांतून काचिन प्रदेशामार्गे चीनकडे शस्त्रे आणायला जात. रंगूनमध्ये जनरल ने विन यांची सत्ता होती. तिच्या राष्ट्रीयीकरणाने व्यापारातून उखडलेले लाखो भारतीय साठच्या दशकात देश सोडून गेले होते आणि जे उरले होते त्यांना कागदपत्रांवाचून दिवस काढावे लागत होते. बाहेरच्या जगाकडे पाठ करून बसलेल्या अशा सरकारशी बोलायचे, आपल्या लोकांसाठी काही मिळवायचे, सीमेवर सहकार्य मागायचे आणि कुठे दाब देतो आहोत असे वाटू द्यायचे नाही, हे काम ज्याने कधी नकार ऐकून घेतला नाही अशा माणसाला जमणारे नव्हते. १९७४ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी महासचिव ऊ थांट यांच्या शवपेटीवरून रंगूनच्या विद्यार्थ्यांनी उठाव केला आणि सैन्याने विद्यापीठात घुसून तो मोडला, तेव्हा खाथिंग तिथे होते. १९७५ मध्ये ते परतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भूमिगत नागांशी शिलाँगचा करार झाला.

उलट वाटेने गेलेली माणसेही आहेत. ब्रिटनचे फिट्झरॉय मॅक्लीन मॉस्कोत राजनैतिक अधिकारी होते. युद्धात जाता यावे म्हणून त्यांनी नोकरी सोडली, एसएएस या ब्रिटिश कमांडो दलात लढले, आणि १९४३ मध्ये हवाई छत्रीने युगोस्लाव्हियात उतरून तिथल्या गनिमी फौजेचे नेते टिटो यांच्या मुख्यालयात आपल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून राहिले. तिथेही बंदूक आणि बोलणी एकाच माणसाकडे होती. पण मॅक्लीन यांच्या पाठीशी मोठ्या घराण्याचे आणि मोठ्या साम्राज्याचे बळ होते. खाथिंग यांच्याजवळ जे होते ते त्यांनी चालून चालून कमावले होते, म्हणून मला ते अधिक जवळचे वाटतात.

१९९० च्या जानेवारीत इंफाळला त्यांचे निधन झाले. बराच काळ त्यांची आठवण ईशान्येबाहेर कोणी काढली नाही. तवांगमध्ये त्यांचे स्मारक २०२१ साली झाले आणि त्यांच्या नावाचे शौर्य संग्रहालय २०२४ च्या ऑक्टोबरात उघडले. तुझी नेमणूक होवो न होवो, रजेत तिकडे जायचे झाले तर मला बरोबर घे. सेला आता गाडीने चढता येते, माझ्या गुडघ्यांची तू काळजी करू नकोस.

तुझे नाव कोणत्या देशासाठी गेले आहे ते तू पत्रात लिहिलेले नाहीस. ते लिहिता येण्यासारखे असेल तर कळव, म्हणजे तिथल्या इतिहासाची पुस्तके मी पुण्याहून मागवून ठेवतो. आणि तिथली भाषा शिकण्याची सोय तुमच्याकडे जाण्याआधी किती महिन्यांची असते, तेही विचारून लिही. ती मेजवानीच्या पोशाखाच्या आधी शिवून घ्यावी लागते. आईने लाडू पाठवले आहेत. प्रकृतीस जप.

तुझा,
बाबा